तुमसरचं मँगनीज आणि परदेशी सह्या

हरित पोलाद, बॅटरी, दुर्मीळ खनिजं. या तीन नावांनी सध्या परदेशी शिष्टमंडळं येतात, सामंजस्य करार होतात, फोटो छापून येतात. येऊ द्या. भांडवल आणि तंत्रज्ञान बाहेरून घेण्यात कमीपणा नाही. पण खाणीच्या कराराचा मसुदा ज्याच्या हाती असेल, त्याने सहीआधी एकदा भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात जाऊन यावं. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणींनी परदेशी भागीदारी पुरेपूर पाहिली आहे.

1896 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट उभी राहिली. पुढे तिचीच ब्रिटनमध्ये नोंदलेली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. भंडारा, बालाघाट, नागपूर या पट्ट्यातलं मँगनीज परदेशी पोलादभट्ट्यांकडे निघालं. मँगनीजशिवाय पोलाद होत नाही, म्हणून मागणीला तोटा नव्हता. विशाखापट्टणमचं बंदर 1933 मध्ये सुरू झालं, तेही मुख्यतः मध्य प्रांतातलं हे मँगनीज बाहेर काढायला. माल न्यायला रेल्वे आली, माल चढवायला बंदर आलं. इथेच माल तयार करावा, ही गरज मात्र त्या कंपनीला कधी वाटली नाही.

1962 मध्ये मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे मॉइल, स्थापन झाली तेव्हाही 51 टक्के भांडवल केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांचं होतं आणि 49 टक्के त्याच ब्रिटिश कंपनीकडे राहिलं. तो वाटा आपल्याकडे यायला 1977 उजाडलं. म्हणजे स्वातंत्र्यानंतर तीस वर्षं. कराराची शाई वाळायला वेळ लागत नाही, पुसायला पिढी जाते. हे मी चिडून सांगत नाही, हिशेब म्हणून सांगतो.

आता आजचं. डोंगरी बुजुर्गची खाण खुली आहे आणि तिथलं मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीला चालतं. शेजारीच मॉइलचा इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना आहे, तोही देशी तंत्रज्ञानावर उभा केलेला. क्षमता लहान, वर्षाला हजार-दीड हजार टनांची. पण बॅटरीचं मँगनीज म्हणजे काय, हे गाडीच्या बॅटरीची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून भंडाऱ्यातल्या कामगारांना ठाऊक आहे. लिथियम बॅटरीला याहून शुद्ध मँगनीज सल्फेट लागतं आणि जगातलं असं नव्वद टक्क्यांहून जास्त सल्फेट चीनमध्ये बनतं. युरोपने 2024 च्या कायद्यात बॅटरीच्या प्रतीचं मँगनीज आपल्या सामरिक यादीत घातलं. अमेरिकेच्या 2022 च्या यादीतही मँगनीज आहे. आणि भारताने जून 2023 मध्ये जी 30 महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली, तिच्यात मँगनीज नाही! खाण आपल्याकडे आहे म्हणून चिंता नाही, असा विचार असेल तर तो चुकीचा आहे. चांगल्या प्रतीचं मँगनीज आपण आजही दक्षिण आफ्रिका, गॅबन, ऑस्ट्रेलियातून मागवतो. आणि खाण असणं वेगळं, सल्फेट बनवता येणं वेगळं. ज्याला आपल्या मालाची किंमत आपल्याहून जास्त कळते, त्याच्यासमोर आपण बोलणीला बसणार आहोत.

युरोपच्या आयातीवरच्या कार्बन कराकडेही याच नजरेने पाहायला हवं. ऑक्टोबर 2023 पासून नोंदी सुरू झाल्या, जानेवारी 2026 पासून पैशांची जबाबदारी लागू झाली. पोलाद त्यात आहे, फेरो-मँगनीजही आहे. सिलिको-मँगनीज सध्या बाहेर आहे. आणि कच्चं मँगनीज? तेही बाहेर. म्हणजे दगड तसाच जहाजात भरला तर कार्बनचा प्रश्न कुणी विचारत नाही, इथे भट्टी पेटवून माल केला की विचारतात. फेरो-मँगनीजच्या एका टनाला तीन हजार युनिटच्या आसपास वीज लागते. त्या विजेमागचं उत्सर्जन युरोप सध्या या करात धरत नाही, पण भट्टीतलं थेट उत्सर्जन मोजतोच. कारखान्याने स्वतः मोजलेला आकडा दिला नाही, तर युरोप आपल्या ठोकताळ्याने चढा आकडा धरतो. प्रदूषण कमी व्हायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण या रचनेचा कल पुन्हा 1933 च्या बंदराकडेच आहे, हे भंडाऱ्याच्या खासदारांनी दिल्लीत स्पष्ट बोलायला हवं.

वरठीच्या सनफ्लॅग पोलाद कारखान्याचं उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. जपानच्या दाइदो स्टीलने तिथे दहा टक्के हिस्सा घेतला, सोबत तांत्रिक सहकार्य आलं आणि गाड्यांना लागणारं विशेष पोलाद भंडारा जिल्ह्यातच बनतं. भट्टी इथे, प्रयोगशाळा इथे, पगार इथे. पाहुण्याचा हिस्सा लहान आणि त्याच्याकडून शिकण्यासारखं बरंच. भागीदारी करायची तर अशी.

जपानशी 2025 मध्ये संयुक्त कार्बन क्रेडिटचा करारही झाला आहे. जपानी यंत्रसामग्री इथे बसते, उत्सर्जन इथे घटतं आणि त्या घटीचा काही वाटा जपानच्या खात्यात जमा होतो. किती वाटा, किती वर्षं, ही दोन कलमं प्रत्येक प्रकल्पात वाचूनच सही व्हावी. आज स्वस्तातली घट विकून टाकली, तर उद्या वरठीच्या किंवा तुमसरच्या कारखान्याला स्वतःचं उद्दिष्ट गाठायला महागडी घटच उरेल.

मागणी साधी आहे. केंद्राने मँगनीज महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत घालावं. मॉइलने मँगनीज सल्फेटसाठी परदेशी भागीदार शोधावा, पण कारखाना तुमसर तालुक्यात, बहुमताचा हिस्सा मॉइलचा आणि तंत्रज्ञान ठरलेल्या मुदतीत आपल्या हाती, या अटींवर. मॉइलच्या पवनचक्क्या मध्य प्रदेशात देवासला फिरतात. म्हणून या कारखान्याची स्वच्छ वीज कुठून येणार, तेही करारातच लिहावं. भंडारा-तुमसरच्या आयटीआयमध्ये बॅटरी रसायनांचा अभ्यासक्रम करार होईल त्याच वर्षी सुरू व्हावा. आणि कराराची मराठी प्रत चिखला, डोंगरी बुजुर्गच्या ग्रामसभेत सहीनंतर नाही, सहीआधी वाचली जावी.