फुटलं? अभिनंदन!

टेक्सासमधल्या बोका चिकाच्या किनाऱ्यावर एक प्रथा आता चांगली रुळली आहे. रॉकेट उडालं की टाळ्या, फुटलं तरी टाळ्या. 20 एप्रिल 2023 रोजी स्पेसएक्सचं स्टारशिप बूस्टरसकट पहिल्यांदा उडालं आणि चारेक मिनिटांत त्याचे तुकडे झाले. इलॉन मस्क यांनी आधीच अपेक्षा काटकसरीनं ठेवली होती : लाँचपॅड उडालं नाही, तरी जिंकलो. पण 33 इंजिनांच्या झोतानं पॅडखालचं काँक्रीटच उखडलं आणि जवळच्या पोर्ट इझाबेल गावावर धुळीचा सडा पडला. पेपरात एकच प्रश्न होता, तोही चुकला. निकाल? विशेष प्रावीण्य! पेपर काढणारा, लिहिणारा आणि तपासणारा एकच असला की असंच होतं.

हे सगळं म्हणे डेटासाठी. नासाचं यान असं फुटलं असतं, तर करदात्याच्या पैशांच्या नावानं अमेरिकी काँग्रेसमध्ये छाती बडवली गेली असती. खासगी यान फुटलं की नुसता डेटा मिळतो. (याच यानाच्या चांद्र आवृत्तीसाठी नासानं 2021 मध्ये 289 कोटी डॉलरचं कंत्राट दिलंय. तेव्हा या डेटात करदात्याचाही वाटा आहेच, बिचाऱ्याला कुणी सांगितलेलं नसावं.)

भक्तमंडळी लगेच स्पेसएक्सच्याच फाल्कन-1 रॉकेटचा दाखला देतात : तीनदा पडलं, 2008 मध्ये चौथ्यांदा कक्षेत गेलं. खरं आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये परतणारा बूस्टर मनोऱ्याच्या हातांनी अलगद झेलला, तेव्हा मीही तोंडात बोट घातलं. पण 2025 उजाडलं आणि जानेवारी, मार्च, मे असं ओळीनं तीनदा वरचं यान गेलं. जूनमध्ये तर एकानं उडण्याचेही कष्ट घेतले नाहीत, चाचणीच्या जागीच स्फोट. मस्क त्याला ओरखडा म्हणाले. ऑगस्टमधलं उड्डाण मात्र धड पार पडलं. अपयश ही यशाची पहिली पायरी म्हणतात; इथं जिनाच पायऱ्यांनी भरला होता, मजला तेवढा उशिरा लागला.

जानेवारीतला डेटा टर्क्स आणि केकॉस बेटांकडे पडला. विमानांना वाट वाकडी करावी लागली, काही नुसतीच घिरट्या घालत राहिली. त्यातल्या प्रवाशांचे संशोधनातल्या सहभागाबद्दल कुणी आभार मानल्याचं ऐकिवात नाही. बेटांवरच्या लोकांना मात्र कंपनीकडून निरोप आला : तुकडे सापडले तर हात लावू नका, आमच्या हेल्पलाइनला कळवा.