साधा वर्तमानकाळ : कोल्हापूर जिल्ह्यासाठी वापराच्या सूचना

इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ हाताळण्यापूर्वी इच्छुकानं दोन वस्तू जवळ ठेवाव्यात : एक कर्ता आणि एक क्रियापद. सहायक क्रियापद सोबत आणू नये. ते प्रश्न विचारताना आणि नकार देताना लागतं, आणि कोल्हापुरात नकाराला तशी किंमत नाही. पांढरा रस्सा घेऊन वाढपी आला की ताटावर हात आडवा धरला जातो. पण तो हात वाढप्याला दिसत नाही.

कृती सोपी आहे. क्रियापद मूळ रूपात घ्यावं आणि कर्त्याच्या मागं उभं करावं. आय गो, यू गो, वुई गो, दे गो. इथं कोल्हापूरच्या बायकांना जन्मजात सवलत आहे. 'मी जातो', 'मी आलो' असं त्या पिढ्यान् पिढ्या म्हणत आल्या आणि त्याबद्दल पुण्याकडच्या नातलगांचं हसू सोसत आल्या. पुणेरी मराठीत 'मी' म्हटलं की बोलणारी बाई आहे की बुवा, ही चौकशी क्रियापदाला करावीच लागते. इंग्रजीचा 'आय' ही चौकशी करत नाही, आणि आपली आजीही करत नव्हती. शिकवणाऱ्यानं एवढं सांगितलं तरी पोरींची निम्मी भीती जाईल. पण इंग्रजी शिकवलं जातं पुस्तकातल्या मराठीवरून, आणि पोरं घरी बोलतात ती मराठी त्या पुस्तकात नसते.

आता एसचं प्रकरण. कर्ता तृतीयपुरुषी आणि एकटा असला की क्रियापदाला एस लागतो : ही ईट्स, शी स्लीप्स. शेवटी सीएच, एसएच, एक्स असे दाटीवाटीचे लोक असतील तर ईएस. वायच्या आधी व्यंजन असेल तर वायचा आय करून ईएस. हॅव कुणाचंच न ऐकता हॅज होतं. हे सगळं पाठ करावं, त्याला इलाज नाही. मात्र एस कधी लावायचा आणि कधी काढायचा, याचं मोफत प्रात्यक्षिक पावसाळ्यात राधानगरी धरणावर होतं.

शाहू महाराजांनी सुरू केलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण काठोकाठ भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपणहून उघडतात. बटण दाबायला साहेब लागत नाही. एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी भोगावतीत सुटतं आणि बातमी जिल्हाभर पसरते. ही बातमी इंग्रजीत अशी : वन गेट ओपन्स. तासाभरानं दुसरा उघडतो : टू गेट्स ओपन. नीट बघा. दरवाजे वाढले तसा एस क्रियापदावरून उठला आणि दरवाजावर जाऊन बसला. एस हा रेशनच्या साखरेसारखा आहे, एका कार्डावर एकदाच मिळतो. कर्त्यानं उचलला तर क्रियापदानं बिनसाखरेचा चहा प्यावा. ('बस' आणि 'क्लास'ची उदाहरणं काढून खोडी करणाऱ्या विद्यार्थ्यानं वर्गाबाहेर उभं राहावं.) नकारात तोच एस 'डज'च्या घरी राहायला जातो : द गेट डज नॉट ओपन. 'डज नॉट ओपन्स' म्हणणारा एकाच कार्डावर दोनदा साखर उचलत असतो.

हा काळ वापरायचा कधी? पुस्तकं सांगतात, त्रिकालाबाधित सत्यासाठी. आणि सूर्य पूर्वेला उगवतो, हे उदाहरण देऊन मोकळी होतात. कोल्हापुरात सूर्याकडं याहून अवघड काम आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात आणि अंबाबाईच्या चरणांपासून मुखाकडं चढतात. वाटेत ढग किंवा एखादी इमारत आली की ती मध्येच थांबतात, आणि दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र भूतकाळात लिहितं. साध्या वर्तमानकाळाचं त्यानं काही बिघडत नाही. रीत आहे ती सांगणं एवढंच त्याचं काम. एखादी संध्याकाळ चुकली म्हणून रीत मोडत नाही. पथ्यावर असलेल्या काकांनाही 'कोल्हापूरचा माणूस झणझणीत खातो' हे वाक्य लागू पडतं, ते याच कलमाखाली.

वेळापत्रकालाही हाच काळ. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री सुटणार असली तरी ती 'लीव्हज'. आणि शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्यात पाटाकडील तालीम समोरच्याशी भिडली असताना कुणी इंग्रजीत समालोचन केलंच, तर ही पासेस, ही शूट्स. घटना डोळ्यांसमोर चालू आहे, मग चालू वर्तमानकाळ का नाही? कारण 'ही इज शूटिंग' म्हणेपर्यंत बॉल जाळ्यात आणि प्रेक्षक मैदानात असतात.

सर्वांत मोठा घोळ आयएनजीचा. 'आय एम नोइंग', 'आय एम हॅविंग टू बफेलोज' ही वाक्यं साऱ्या देशात चालतात. मुंबईच्या बेने इस्राएली कुटुंबातले कवी निस्सीम इझिकेल यांनी तर अशा इंग्रजीवर आख्खी कविता उभारली. घोळाचं मूळ 'आहे'त आहे. 'माझ्याकडं म्हशी आहेत', 'मला माहीत आहे' : 'आहे' दिसला रे दिसला की हात आपोआप 'एम'कडं जातो आणि 'एम' आला की मागून आयएनजी येतो. यावर उपाय कोल्हापुरी बोलीत तयार आहे. वाक्य आधी आपल्या बोलीत म्हणून बघावं. 'पाऊस पडालाय', 'मी जेवालोय' असं तोंडात सहज बसलं तर आयएनजी बेधडक लावावा. 'माझ्याकडं म्हशी असालेत' असं मात्र गंगावेशीत कुणी म्हणणार नाही, आणि म्हणालाच तर म्हशी मान वळवून बघतील. तिथं साधा वर्तमानकाळ : आय हॅव टू बफेलोज. 'सध्या भाड्यानं राहालोय' हे चालतं, आणि तात्पुरतं राहणं असेल तर इंग्रजीतही आयएनजीच लागतो. ही कसोटी सगळीकडं पुरेल असं नाही, पण गाईडमधल्या अर्ध्या पानाच्या तक्त्यापेक्षा जास्त वेळा पुरते.

राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे एस विसरण्याची सोयही पहिलीपासून झाली. तो विसरल्याबद्दल कानकोंडं होऊ नये. एसचं कुळ फार थोर नाही. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात माणसं 'गोएथ'च करतात. एस तेव्हा इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बोलीतून येऊन लंडनात बस्तान बसवत होता, आणि शेक्सपिअर दोन्ही रूपं सोयीनं वापरत होता. भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी इंग्लंडमधल्या नॉर्विच शहराच्या बोलीचा अभ्यास 1974 साली पुस्तकात मांडला. तिथली कष्टकरी माणसं 'शी गो' सर्रास म्हणतात, आणि तीही अस्सल इंग्रजच. थोडक्यात, ज्याच्यासाठी आपले मार्क कापले जातात तो एक काळी गावठी होता, आणि जे गावठी म्हणून आपण लपवतो ते काही ठिकाणी इंग्रजीच्या जास्त जवळचं आहे.

परीक्षेत मात्र एस लावून या. पेपर तपासणारा नॉर्विचचा नसतो.