हिरवे ढेकणराव

प्रत्येक आळीत एक फटकळ गृहस्थ असतात. गणपतीची वर्गणी मागायला त्यांच्या दारी कोणी धजत नाही आणि चेंडू त्यांच्या अंगणात गेला की मुलं सरळ नवा चेंडू आणतात. लोक त्यांना भांडखोर म्हणतात. माझ्या मते ते मुळात भित्रे असतात. पुरावा हवा असेल तर सोयाबीनवरच्या हिरव्या ढेकणाकडे बघा. (अंथरुणातला वेगळा. तो रक्त पितो, हे शेंगांचा रस.) रुंद खांदे, पाठीवर त्रिकोणी ढाल, असा एकूण सरदारी थाट. पण बोट जवळ नेलंत तर ढेकणराव आधी पानाच्या रंगात गप्प बसून राहतात, मग देठाआड सरकतात आणि तरीही पिच्छा सोडला नाहीत तर पाय सोडून टपकन मातीत पडतात. भांडखोर माणूस एवढी टाळाटाळ करील का? चिमटीत सापडले, की मगच दुर्गंधी सोडतात.

ढाल असताना वास कशाला, असं कोणी विचारेल. पण ढाल झाकते पाठीचा मधला भाग, फार तर पंखांचं मूळ; पोट उघडंच. म्हणून खरी शस्त्रं खालच्या अंगाला, मधल्या आणि मागच्या पायांच्या बुडाशी. तिथल्या छिद्रांभोवतीची कातडी मुद्दाम खरबरीत असते, त्यामुळे द्रव अंगभर न ओघळता तिथंच सावकाश उडतो. त्यातली काही द्रव्यं कोथिंबिरीतही असतात. कोथिंबीर पाहून नाक मुरडणाऱ्यांना अगदीच वेड लागलेलं नसतं. पिल्लांना पंख नसतात, म्हणून त्यांच्या वासाच्या पिशव्या चक्क पाठीवर.

‘पण हा तर दुसऱ्याला छळण्याचा शौक!’ हा आक्षेप टिकत नाही. बंद बाटलीत कोंडलं तर ढेकणराव स्वतःच्याच वासानं बेजार होतात. असला शौक कोण करील? शेतकऱ्याची तक्रार मात्र खरी आहे: रस गेलेले दाणे सुरकुततात. भित्रा म्हणजे निरुपद्रवी असं मी कुठं म्हटलं? शिवाय हा वास सगळ्यांवर चालतही नाही. ट्रिसोल्कस नावाची गांधीलमाशीच्या कुळातली चिमुकली माशी ढेकूणबाईंच्या पावलांचा वास हुंगतच अंड्यांपर्यंत पोचते. झाकण लावलेल्या, पिंपांसारख्या अंड्यांची ती नीटस रांग. माशी एकेका पिंपात आपलं अंडं घालते आणि पुढं त्यातून बाहेर पडतात ते तिचेच चिरंजीव.