अकरानंतर तेरावा

आमच्या इमारतीत बिऱ्हाडं चौदा, सेक्रेटरी एक आणि त्यांचे रबरी शिक्के तीन. हा नग तुमच्याही इमारतीत असणारच, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. परवा आमची ओली चादर खालच्या मजल्यावर ठिबकली, तर दोन ओळींच्या नोटिशीवर तिन्ही शिक्के उमटले. मला एकदम जर्मनीतलं रॉइस घराणं आठवलं.

अठराव्या शतकातली जर्मनी म्हणजे भाऊबंदकीत तुकडे पडलेलं शेत. तीनशेच्या आसपास राज्यं. कुठे ड्यूक, कुठे लांडग्राफ (लांडग्याशी संबंध नाही). राज्य तळहाताएवढं असलं तरी महाल हवा, शिकारखाना हवा, दरबारी वाजंत्री हवी. रॉइसांकडे हे सगळं होतंच. वर एक खोड होती. घरात मुलगा झाला की नाव हाइनरिख. थोरल्याचं हाइनरिख, धाकट्याचं हाइनरिख, चुलतभावाचंही हाइनरिख. का, तर बाराव्या शतकाच्या अखेरीस सहावा हाइनरिख नावाचा सम्राट होऊन गेला, त्याच्या सन्मानार्थ. अहो, सन्मान करावा, पण किती पिढ्या?

मग ओळखायचं कसं? आकड्यानं. तोही गादीवर बसल्यावर नाही, जन्मल्याबरोबर. पाळण्यातच दगावलेलं पोरही आपला आकडा घेऊन जायचं. त्यामुळे थोरल्या पातीच्या, म्हणजे ग्राइट्सच्या गादीवर अकराव्यानंतर तेरावा आला, मग एकोणिसावा, मग विसावा, मग बाविसावा. बसथांब्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं, आपला नंबर सोडून सगळे येतात. थोरल्या पातीचा नियम असा, की शंभर झाले की पुन्हा एकपासून. धाकटी पाती नवं शतक लागलं की पाटी कोरी करायची. तरी 1797 साली जन्मलेला हाइनरिख बहात्तरावा होता. ‘हाइनरिख, जेवायला ये रे’ अशी हाक गेली की किती पानं मांडावी लागत असतील, देव जाणे.

हो, थोरली पाती, धाकटी पाती. आपल्याकडे कुरुंदवाड संस्थानाच्याही अशाच दोन पात्या होत्या, तेव्हा कुरुंदवाडकरांना हे समजावून सांगायला नको. 1564 साली वाटण्या झाल्या तेव्हा मधलीही एक पाती होती, ती 1616 मध्ये संपली. थोरल्या पातीचा अखेरचा मुलूख 316 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मा. तेवढ्यावर 1778 मध्ये सम्राटाकडून ‘फ्युर्स्ट’ हा किताब मिळवला. आमच्या सेक्रेटरींना हे कळता कामा नये.

पण धाकट्या पातीतल्या एका हाइनरिखला मात्र हसवत नाही. 1572 साली, वडील वारल्यावर दोन महिन्यांनी जन्मला, म्हणून ‘पोस्टुमस’, म्हणजे मागाहून आलेला. आकड्यानं दुसरा, पण आकड्यानं त्याला फारसं कुणी ओळखत नाही. धर्मासाठी परागंदा झालेल्या नेदरलँड्सच्या विणकरांना त्यानं गेरा गावात थारा दिला, शाळा काढली. तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं असताना त्यानं गुपचूप स्वतःची शवपेटी करवून घेतली आणि बायबलातली, भजनांतली आवडती वचनं स्वतः निवडून तिच्यावर लिहवली. डिसेंबर 1635 मध्ये तो गेला. फेब्रुवारीत दफन झालं, तेव्हा त्याच वचनांना चाल लावून ती गायली गेली. ते संगीत आजही गायलं जातं. रचणारा त्याच मुलखातल्या क्योस्ट्रिट्झ गावात जन्मलेला, श्युट्झ आडनावाचा.

नाव हाइनरिख.