दाजींना अनावृत पत्र : औंढा जवळच आहे म्हणे

ती. दाजींच्या सेवेशी,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र चारचौघांत छापून आणतोय याचा राग मानू नका. घरातच बोललो असतो, पण जावयाला 'नाही' म्हणायची पद्धत आमच्या घरात नाही, आणि तुमचा सगळा कारभार इतकी वर्षं याच एका पद्धतीवर सुखेनैव चालला आहे. शिवाय तुमच्यासारखे दाजी घरटी एक असतात असं अलीकडे कानावर आलं. तेव्हा पत्रावर नाव तुमचं असलं तरी ते बऱ्याच घरांत पोचेल अशी आशा आहे.

विषय : दिवाळीतली औंढा नागनाथची 'छोटीशी चक्कर'.

भाऊबीजेच्या रात्री ओवाळणीची ताटं उचलायच्या आत तुम्ही ग्रुपवर वेळापत्रक टाकलंत. ते मी जपून ठेवलं आहे. 8:00 नांदेडहून प्रस्थान. 9:05 औंढा. 9:30 दर्शन आटोपून नरसी नामदेवकडे रवाना. 10:20 नरसी. 1:00 परळी, जेवण आणि वैजनाथ. 6:00 घरी, चहा. खाली जोडलेले हात, आणि 'कृपया कोणीही उशीर करू नये'. त्या 9:05 मधल्या पाच मिनिटांचं मला अजूनही कौतुक वाटतं. पुण्याहून चार दिवसांसाठी सासरवाडीला आलेल्या माणसाला आमचे रस्ते मिनिटाच्या हिशेबानं ठाऊक असावेत, आणि आम्ही इथंच जन्म काढून 'निघालो की पोचतो' एवढंच सांगू शकावं! लाज वाटली.

आता, औंढा जवळ आहे हे तुमचं म्हणणं खोटं नाही. नांदेडहून वसमतमार्गे जेमतेम 65 किलोमीटर. पण घात होतो तो या जवळपणामुळेच. लांब जायचं असलं की माणूस पहाटे उठतो, आदल्या दिवशी टायरची हवा बघतो, म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या वेगळ्या पिशवीत घेतो. जवळ जायचं म्हटलं की न्हाणीघरापाशी आठ वाजता रांग लागते, आणि 'उरलेल्या दिवसाचं काय करायचं' या काळजीनं त्यात आणखी दोन तीर्थक्षेत्रं कोंबली जातात. तुम्ही कोंबलेली तर अशी : नरसी हिंगोलीच्याही पलीकडं. तिथून परळी म्हणजे पुन्हा हिंगोली, पुन्हा औंढा, मग परभणी, गंगाखेड. परळीहून नांदेड परत शंभरावर. बेरीज साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जाते. एवढ्यात नांदेडचा माणूस हैदराबादेत पोचून, बिर्याणी खाऊन, शतपावलीसुद्धा करून मोकळा होतो. पण ती 'लांबची ट्रिप' ना! तिच्यासाठी रजा टाकावी लागते.

महाराष्ट्रातल्या पाच ज्योतिर्लिंगांपैकी तीन मराठवाड्यात आहेत, हा आमचा अभिमान. ती एकाच दिवशी उरकण्यासाठी दिलेली नाहीत, हे मात्र पाहुण्यांना कोणी सांगत नाही. तिसरं, म्हणजे वेरूळचं घृष्णेश्वर, तुम्ही यादीत घेतलं नाहीत हे तुमचे उपकार.

आठचं प्रस्थान पावणेदहाला झालं आणि खापर आईच्या गोळ्यांवर फुटलं. आईच्या गोळ्या सातलाच झाल्या होत्या, दाजी. ती चपला घालून ओट्यावर बसली होती. तुम्ही गाडीची काच पुसत होता.

वसमतला तुम्हाला 'ओरिजिनल' हळद हवी झाली. मागणी रास्त, वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, नाव ऐकून थांबावंसं वाटणारच. फक्त दिवाळीत ती हळद जमिनीत असते. तुम्ही ज्या हिरव्यागार रानासमोर भाच्यांना 'ही केळीची रोपं' म्हणून दाखवलीत ना, तीच ती. संक्रांतीनंतर काढणी, मग शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, तेव्हा कुठं बाजारात येते. तुम्ही किराणा दुकानातून, घासाघीस करून, जे पाकीट आणलंत तेच तुमच्या कोथरूडच्या दुकानात मिळतं. ताईनं ते पिशवीत ठेवताना माझ्याकडं बघितलं. मीही जावईमानाचा विचार करून खिडकीबाहेर बघितलं.

पुढं रस्त्याच्या कडेनं सोयाबीन वाळत घातलं होतं. ताडपत्रीवर सोन्यासारखा ढीग, चारी बाजूंनी लावलेले दगड, आणि राखण करणारी एक म्हातारी हातातल्या फळीनं दाणे पसरवत होती. तुम्ही हॉर्न वाजवलात. तिनं मान वर केली नाही. दिवाळीच्या तोंडावर या भागात रस्ता निम्मा गाडीचा आणि निम्मा सोयाबीनचा असतो, हे तुमच्या मोबाईलमधल्या बाईला कोणी कळवलेलं नाही. ट्रॉली भरून बाजार समितीकडं निघालेला ट्रॅक्टर पुढं लागला की 9:05 चं काय होतं तेही नाही.

आता ज्या गावी निघालो होतो त्याची एक गंमत तुम्हाला सांगायची राहिली. या औंढ्याच्या शिवारात, दुधाळा गावाजवळ, 'लायगो-इंडिया' प्रयोगशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं 2016 मध्ये तत्त्वतः मान्यता दिली, 2023 च्या एप्रिलमध्ये 2,600 कोटी रुपये मंजूर केले. एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन भुजा, प्रत्येकी 4 किलोमीटरची, आणि त्यांतून ये-जा करणारे लेसर किरण. दूर कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्या धक्क्याची लहर विश्वभर पसरते आणि जाताजाता अंतरंच किंचित ताणते, आकसते. ते ताणणं प्रोटॉनच्या आकाराहून हजारो पटींनी लहान असतं, आणि तेवढं मोजायचं काम इथं चालणार आहे. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 ला पहिली लहर पकडली, ती 130 कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली होती. इतक्या लांबचा हिशेब जिथं लागणार, त्या गावाला जाताना नांदेड ते औंढा किती वेळ लागतो हे आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवशी अंतर ताणलं गेलं हे नक्की. लहर मात्र आकाशातून आली नव्हती, ती तुमची होती.

देवळात पोचलो तेव्हा रांग पटांगणभर वळसे घेत होती. दिवाळीची सुट्टी, कार्तिक, त्यात ज्योतिर्लिंग. दुसरं काय होणार? तुम्ही घड्याळ बघून म्हणालात, 'पंचवीस मिनिटं धरली होती.' कशाच्या आधारावर धरली होती, दाजी? औंढ्याचा गाभारा आपल्या नेहमीच्या देवळांसारखा समोर दिसत नाही. तो खाली, भुयारात आहे. अरुंद वाटेनं, अंग चोरून, पायऱ्या उतरायच्या. खाली छत इतकं ठेंगणं की उभं राहण्यापेक्षा बसणं सोयीचं. आणि एका वेळी मावतात मोजकीच माणसं. खालची वर आल्याशिवाय वरची खाली जात नाहीत. हे बांधकाम यादवकाळातलं. पुढं मुघल स्वारीत वरचा भाग पाडला गेला, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला. म्हणून खाली कोरीव दगड आणि वर वेगळ्याच धाटणीचं बांधकाम दिसतं. इतक्या जणांचे हात लागले, पण गाभाऱ्याची वाट रुंद करावी असं कोणाच्या मनात आलं नाही. तुमचं वेळापत्रक त्यांच्यापर्यंत पोचलं नसावं.

आईचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. त्या पायऱ्या ती एका हातानं भिंत आणि दुसऱ्या हातानं माझा खांदा धरून उतरली. खाली टेकली, पिंडीवर हात ठेवला, डोळे मिटले. तेवढ्यात वरून तुमचा आवाज आला, 'चला, चला, नरसी करायचंय!' भुयारात आवाज छान घुमतो.

त्याआधी रांगेत तुम्ही भाच्यांना ज्ञान दिलंत की 'खरं नागेश्वर ते द्वारकेजवळचं, हे आपलं इथल्या लोकांचं म्हणणं.' वाद आहे, मान्य. द्वारकेचे लोक नागेश्वर आपलं म्हणतात, उत्तराखंडातले लोक जागेश्वर सांगतात, आणि स्तोत्रातलं दारुकावन नेमकं कुठलं यावर पंडितांनी खुशाल भांडावं. पण दाजी, हे वाक्य आपल्या बैठकीत बोलायचं असतं. औंढ्याच्या रांगेत, रात्रभर प्रवास करून आलेल्या, डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या माणसाच्या कानाशी नाही. त्यानं तुम्हाला आपादमस्तक न्याहाळलं आणि मला विचारलं, 'पाव्हणे कुठले?' मी पुण्याचे म्हणालो. त्याला तेवढं पुरलं.

मग 'नंदी कुठाय, समोर दिसत नाही' म्हणून तुम्ही सेवेकऱ्यांची उलटतपासणी सुरू केलीत. इथं नंदी मागच्या बाजूला आहे. नामदेव कीर्तन करत होते, त्यांना देवळाच्या पाठीमागं जायला सांगितलं, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं आणि नंदी होता तिथंच राहिला, अशी कथा आहे. याच औंढ्यात नामदेवांना विसोबा खेचर हे गुरू भेटले. गोरोबाकाकांनी सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटी मारून नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, त्यानंतरची ही गोष्ट. नामदेवांनी ते मनाला लावून घेतलं आणि गुरू शोधायला निघाले. तुमचं वेळापत्रकही असं कोणीतरी आधी थापटून बघायला हवं होतं, पण आमच्याकडं जावयाच्या मडक्याला हात लावत नाहीत.

अडीच वाजता वाहनतळाजवळच्या झाडाखाली ताईनं धपाटे आणि चटणी सोडली. दिवसातली तेवढी अर्धी घटका सगळ्यांचे चेहरे माणसांसारखे होते. अण्णा तर म्हणालेसुद्धा, 'आता इथूनच सिद्धेश्वरच्या धरणावर जाऊ, पूर्णेचं पाणी बघू, अन् घरी जाऊ.' तुम्ही ऐकलं नाहीत. तुम्ही मोबाईलमध्ये 'नरसी' टाकत होता.

इथून पुढचं मला छापील स्वरूपात नोंदवून ठेवायचं आहे. मोबाईलनं अंतर शंभराच्या वर दाखवलं. मी म्हणालो, 'दाजी, नरसी इकडं हिंगोलीकडं, गाडी वसमतकडं वळतीय.' तुम्ही म्हणालात, 'हिंगोली मोठा जिल्हा आहे, आणि ही बाई चुकत नाही.' 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. त्यात शंभर किलोमीटर दूर नरसी ठेवायला जागा कुठून आणायची? कयाधूकाठची, नामदेवांची नरसी हिंगोली तालुक्यात. बाईनं धरलेली नरसी नांदेड जिल्ह्यात, नायगाव तालुक्यात, देगलूर-हैदराबादच्या वाटेवर. म्हणजे नेमकी उलट दिशेला. बाई चुकली नव्हती. तिला कोणती नरसी ते सांगितलंच नव्हतं. नामदेवांसाठी देऊळ फिरलं, दाजी. तुमच्यासाठी गाडीतल्या कोणाची जीभ दुसऱ्यांदा वळली नाही. वसमतला हळदीचं तेच दुकान पुन्हा दिसलं तेव्हा धाकट्या भाच्यानं विचारलं, 'बाबा, आपण परत हळद घ्यायची?'

तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. मग म्हणालात, 'आता अंधार पडेल, घरीच जाऊ.' अशा रीतीनं नरसी राहिली, परळी राहिली, सिद्धेश्वर राहिलं. आणि आपण घरात पाय ठेवला तेव्हा सहा वाजत होते. वेळापत्रकातली शेवटची नोंद तंतोतंत खरी ठरली : 6:00 घरी, चहा. तो पिताना तुम्ही ग्रुपवर टाकलंत, 'ट्रिप वेळेत पूर्ण! सर्वांचे आभार.' खाली सगळ्यांनी अंगठे दिले. अण्णांनीही दिला. माझाही असेल.

असो. आता विनंती. पुढच्या दिवाळीत औंढ्याला जायचं ते पहाटे सहाला निघून. साडेसात-आठला देवळात, म्हणजे रांग लहान असते आणि आईला पायऱ्यांवर कोणी ढकलत नाही. ती खाली बसेल तेवढा वेळ बसेल. नंतर गावातच नाष्टा. देवळाला बाहेरून सावकाश प्रदक्षिणा; खालच्या शिल्पांचे फोटो मुलांनी काढायचे, द्वारकेचा विषय कोणी काढायचा नाही. अण्णांना सिद्धेश्वरचं पाणी दाखवायचं आणि दुपारी जेवायला घरी. नरसीला वेगळा दिवस, परळीला वेगळा. हळद हवी असेल तर उन्हाळ्यात सांगा, मी बाजारातून आणून पार्सल करीन.

गाडी मी चालवीन. तुम्ही जावई आहात, पुढच्या सीटवर मानानं बसा. फक्त मोबाईल ताईकडं द्या.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवण्यासाठी वेळापत्रक पाठवू नये ही विनंती.

आपला मेहुणा,
नांदेड