पडावे कसे? : एकतर्फी राज्यातील विरोधी उमेदवारास काही सूचना

निवडणूक जिंकावी कशी, या विषयावर उपदेश करणाऱ्या विद्वानांची आपल्या देशात वाण नाही. परंतु प्रत्येक मतदारसंघातून एकच इसम निवडून येतो व बाकीचे सर्व पडतात ही उघड वस्तुस्थिती ध्यानात घेता, जे शास्त्र बहुसंख्यांच्या उपयोगाचे त्याकडेच विद्वज्जनांनी पाठ फिरवावी, हे मोठे नवल होय. ही उणीव अल्पांशाने तरी भरून निघावी म्हणून पुढील सूचना लिहिल्या आहेत. त्या मुख्यत्वे सिक्कीमच्या विधानसभेसाठी उभ्या राहणाऱ्या विरोधी उमेदवारास उद्देशून आहेत, कारण एकतर्फीपणाला जी परिपूर्णता त्या चिमुकल्या पहाडी राज्यात आली आहे ती अन्यत्र क्वचितच दृष्टीस पडते.

उमेदवाराने प्रथम इतिहासाचे दप्तर उघडावे. १९७४ साली, म्हणजे सिक्कीम भारतात सामील होण्याच्या आदल्या वर्षी, काझी ल्हेन्दुप दोर्जी यांच्या सिक्कीम काँग्रेसने ३२ पैकी ३१ जागा जिंकल्या. १९७९ साली त्याच काझींच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही व त्यांची स्वतःची आमदारकीही गेली. नरबहादुर भंडारी यांच्या सिक्कीम संग्राम परिषदेने १९८५ साली ३० आणि १९८९ साली सगळ्याच्या सगळ्या ३२ जागा घेतल्या. पुढे पवनकुमार चामलिंग यांच्या सिक्कीम डेमोक्रॅटिक फ्रंटने २००४ साली ३१ व २००९ साली पुन्हा ३२ घेऊन तो विक्रम गाठला. आणि २०२४ साली प्रेमसिंग तमांग यांच्या सिक्कीम क्रांतिकारी मोर्चाने ३१ जागा जिंकल्या तेव्हा, सलग पाच निवडणुका जिंकून चोवीस वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेले तेच चामलिंग दोन मतदारसंघांतून उभे राहून दोन्हीकडे पडले. मराठी वाचकाने तुलनेसाठी आपली १९७२ ची विधानसभा आठवून पाहावी. २७० पैकी २२२ काँग्रेसचे. पण तरीही ४८ उरतात, आणि ४८ माणसांना मनात आणले तर सभागृह तहकूब करविण्याइतका गोंधळ घालता येतो. शून्याला तो घालता येत नाही.

या दप्तरावरून उतावळा उमेदवार असा निष्कर्ष काढील की, तेथील प्रजा एका वेळी एकाच पक्षाची बांधील असते व विरोधात उभे राहणे म्हणजे लोकमताचा अपमान करणे होय. त्याने मतांचे आकडे पाहावेत. २००९ साली ज्या सभागृहात विरोधी बाकांवर बसावयास एकही मनुष्य नव्हता, त्याच निवडणुकीत काँग्रेसला २७ टक्क्यांहून अधिक मते पडली होती. २०२४ साली मोर्चाला सुमारे ५८ टक्के मतांवर ३१ जागा मिळाल्या आणि २७ टक्क्यांच्या धन्याला, म्हणजे फ्रंटला, एक. मतदारसंघ लहान असले आणि वारा सर्वत्र एकाच दिशेने वाहू लागला म्हणजे, ज्याला सर्वाधिक मते तो विजयी हा आपला नियम असा चमत्कार घडवून आणतो. तेव्हा एकतर्फी असते ते सभागृह. गाव तसे नसते. हे सत्तावीस टक्के कोण, कुठे राहतात व कोणत्या वेळी घरी भेटतात, हे शोधणे हेच आमच्या उमेदवाराचे कार्य, आणि ते सोपे नाही, कारण भर दिवसा त्यांपैकी कोणीही ‘मी त्यातला’ असे कबूल करीत नाही.

या अडचणीचा पहिला प्रत्यय उमेदवारी अर्ज भरतानाच येतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास त्या मतदारसंघातील एक सूचक पुरतो. अपक्षास अथवा नव्या पक्षाच्या इसमास दहा लागतात. दहा मते मिळविणे कठीण नाही, पण दहा सह्या मिळविणे महाकठीण; कारण मत गुप्त असते आणि सही सरकारी दप्तरात रुजू होते. ज्याचा मुलगा शिक्षक आहे, सून अंगणवाडीत आहे, भाऊ बांधकाम खात्याचा ठेकेदार आहे, तो गृहस्थ चहा पाजतो, प्रकृतीची चौकशी करतो आणि लेखणी हाती दिली म्हणजे चष्मा शोधू लागतो. अशा वेळी आग्रह धरू नये. सूचक निवडावा तो असा की, ज्याची बदली होऊ शकत नाही, ज्याचे पेन्शन मंजूर झालेले आहे आणि ज्याला ऐकू कमी येते. सही घेतल्यावरही निर्धास्त राहू नये. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुरतेस एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराच्या सूचकांनी ‘ही सही आमची नव्हे’ असे लिहून दिले, अर्ज बाद झाला, राहिलेल्यांनी माघार घेतली आणि लाखो मतदारांना मतदानाच्या तसदीतून मुक्त करण्यात आले. अरुणाचलात त्याच वर्षी विधानसभेच्या ६० पैकी १० जागा मुख्यमंत्र्यांच्या जागेसह बिनविरोध झाल्या. अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा सोडू नये, अशी सर्वोच्च न्यायालयाची सक्त ताकीद आहे. जिथे लिहिण्याजोगे काही नाही तिथे ‘निरंक’ लिहावे. विरोधी उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र या एका शब्दाने बऱ्याच अंशी भरून निघते.

अनामत रक्कम दहा हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारास निम्मी. एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशापेक्षा अधिक मते न पडल्यास ती सरकारजमा होते, आणि बरोबर एक-षष्ठांश पडली तरीही होतेच. त्याहून वर एक मत तरी हवे. पडण्याच्या शास्त्रात हे एक मत फार मोलाचे आहे. ज्याची अनामत वाचली तो ‘झुंज दिली’ असे म्हणू शकतो. ज्याची गेली त्याला तत्त्वासाठी उभा राहिलो असे म्हणावे लागते, आणि ते ऐकून घेणारे कमी.

ज्यास खरोखर निवडून यावयाचेच असेल, त्याच्यासाठी एक आडवाट नमूद करून ठेवतो. सिक्कीमच्या ३२ जागांपैकी एक संघाची आहे. या जागेला सीमा नाहीत, तहसील नाही, गाव नाही. राज्यातील मान्य गुंफांचे भिक्षू व भिक्षुणी हेच तिचे मतदार आणि उमेदवारही त्यांच्यातलाच. २००४ साली उरलेल्या साऱ्या ३१ जागा फ्रंटने जिंकल्या असता विरोधी पक्षाच्या पदरात पडली ती ही एकच. यावरून, ज्याला विरोधी आमदार होण्याची अनिवार इच्छा असेल त्याने प्रथम प्रव्रज्या घ्यावी, असा सल्ला देणे प्राप्त आहे. मात्र प्रव्रज्या घेतल्यावर ती इच्छा कितपत टिकेल, याची हमी आम्ही घेत नाही.

आता प्रत्यक्ष प्रचार. राज्यातील एकंदर मतदार सुमारे साडेचार लाख, म्हणजे एका मतदारसंघाच्या वाट्यास जेमतेम चौदा-पंधरा हजार येतात. आपल्याकडचा आमदारकीचा उमेदवार एवढी माणसे एका सभेला गोळा करतो. लाखांच्या मतदारसंघात मनुष्य गर्दीत लपून राहू शकतो. येथे उमेदवाराला प्रत्येक घर ठाऊक असते आणि, जे अधिक अवघड, प्रत्येक घराला उमेदवार ठाऊक असतो. घरे डोंगराच्या उतारावर, एक इथे तर दुसरे दोनशे पायऱ्या खाली. मध्ये वेलचीची बाग, खाली कुठेतरी तिस्ता अथवा रंगीत. प्रचाराची वेळ सकाळची ठेवू नये, कारण सकाळी शेजारीही घरीच असतो. उन्हे कलली म्हणजे वरच्या अंगाने उतरावे, अंगणात थांबून खाकरावे. घरधनी दार उघडण्यापूर्वी खिडकीतून एकदा रस्त्याकडे पाहतो. ते पाहणे उमेदवाराला बघण्यासाठी नसते, उमेदवाराच्या मागे कोण आहे हे बघण्यासाठी असते. आत गेल्यावर पांढरी रेशमी खादा गळ्यात घालण्याचा शिष्टाचार आहे. उमेदवार घरधन्याच्या गळ्यात घालतो, घरधनी उमेदवाराच्या. आणि उमेदवार नीट न्याहाळील तर त्याच्या ध्यानात येईल की, आपल्या गळ्यात पडलेली खादा परवाच सत्तारूढ उमेदवाराने येथे घातलेली आहे. त्याने विषाद मानू नये, कारण उद्या आपली खादा त्या उमेदवाराच्या गळ्यात असेल.

घराच्या छपरावर सत्तारूढ पक्षाचा झेंडा असला म्हणून ते घर सोडू नये. झेंडा हा छपराचा भाग असतो, मताचा नव्हे. उलट ज्या घरावर अद्याप आपला झेंडा फडकतो आहे, तेथे मात्र जपून जावे. त्या घराला निवडणुकीनंतर येथेच राहावयाचे आहे. निरोप घेताना घरधनी दोन्ही हातांनी हात धरून ‘विचार करू, दाजु’ असे म्हणाला, तर तो सत्तावीस टक्क्यांतला नव्हे. ‘आपलेच घर आहे, आपलीच मते’ असे मोठ्याने म्हणाला तर मुळीच नव्हे. जो काही न बोलता कंदील घेऊन पायऱ्यांच्या शेवटापर्यंत सोडावयास येतो, त्याची नोंद करून ठेवावी.

भाषणाविषयी फार लिहिण्याजोगे नाही. सत्तारूढ पक्षाने काय केले नाही हे सांगावे, परंतु जे केले तेही आपणच आधी मागितले होते असे जोडावे. विरोधात असताना वापरलेल्या प्रतीकांचा मात्र संभाळून उपयोग करावा. १९९२ साली चामलिंग यांनी सभागृहात लोकशाहीचा शोध घेण्यासाठी मेणबत्ती पेटविली होती. पुढे त्यांच्या पक्षाला छत्री हे चिन्ह मिळाले व राज्य पाव शतकभर त्या छत्रीखाली राहिले. आणि त्यांना घालविणाऱ्या मोर्चाचे चिन्ह टेबलावरचा दिवा. पुढच्या विरोधकाने उजेडाशी संबंध असलेली वस्तू शक्यतो टाळावी. निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीत फुलकोबी, ढोबळी मिरची, कपबशी अशा निरुपद्रवी वस्तू भरपूर आहेत.

मतमोजणीच्या दिवशी पहिल्या फेरीनंतर घरी जाऊ नये. पडणाऱ्याने शेवटच्या फेरीपर्यंत बसावे, प्रत्येक केंद्राचा आकडा उतरवून घ्यावा आणि ज्या गावाने अंगणातही येऊ दिले नाही तेथून एकशे बारा मते कशी निघाली, हे पाहून घ्यावे. याहून मोठे बक्षीस या धंद्यात नाही. निकालापासून तीस दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब दाखल करावा. सिक्कीमसाठी मर्यादा २८ लाखांची असली तरी आमच्या उमेदवारास तिची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र हिशेब न दिल्यास तीन वर्षांची अपात्रता येते, आणि पडण्याचा हक्कही जातो.

आता शेवटची शक्यता : उमेदवार निवडून आला तर? २०१९ साली फ्रंटचे १५ उमेदवार विजयी झाले. दोघे दोन-दोन ठिकाणी निवडून आल्यामुळे माणसे भरली १३. त्यांपैकी दहाजण ऑगस्टात भारतीय जनता पक्षात गेले, ज्या पक्षाला त्या निवडणुकीत एकही जागा मिळाली नव्हती. दोघे मोर्चात गेले. चामलिंग एकटे उरले. २०२४ साली फ्रंटचा एकच आमदार निवडून आला आणि जुलैत तो मोर्चात दाखल झाला. त्यानंतर दोन रिकाम्या जागांवर मोर्चाचे उमेदवार बिनविरोध आले व ३२ चा हिशेब पुन्हा पुरा झाला. पक्षांतरबंदी कायद्याची धास्ती वाटून कोणी उगाच थांबून राहू नये, म्हणून खुलासा करतो. विधिमंडळ पक्षाच्या दोन-तृतीयांश सदस्यांची संमती असल्यास दहावे परिशिष्ट विलीनीकरणास आडवे येत नाही. तेरांमध्ये ही संमती गोळा करण्यासाठी नऊजणांना जेवावयास बोलवावे लागते. ज्या पक्षाचा आमदार एकच, तेथे बैठक, चर्चा, मतदान व एकमताचा ठराव हे सर्व चहाच्या पहिल्या घोटाबरोबर आटोपते. अध्यक्षांकडे द्यावयाचे पत्र दोन प्रतींत करावे. त्यावर सही मात्र एकच लागेल, आणि ती सही आपली नव्हे असे म्हणण्याची सोय त्या वेळी उरणार नाही.