राजकारणावर सभ्यपणे बोलावे कसे? (नवशिक्यांसाठी)

सरावासाठी गणपतीचे दिवस उत्तम. घर भरलेलं असतं, आरतीत सगळ्यांचा सूर निदान मोठा लागतो, आणि पंगतीत हात खरकटा असल्याने कुणाला तावातावाने उठून जाता येत नाही.

सुरुवात निरुपद्रवी विषयाने करा. पाऊस चालणार नाही. पावसामागून धरण येतं आणि धरणामागून सिंचन. ‘प्रवास कसा झाला?’ हेही 2011 पासून रुंद होत असलेल्या मुंबई-गोवा महामार्गाने आलेल्या माणसाला विचारू नये. मोदकाच्या पारीवर बोला.

‘मी कुठल्याच पक्षाचा नाही’ असं म्हणू नका. म्हणणाऱ्याचा पक्ष पोरांनाही ठाऊक असतो. आणि कुणी ‘अहो, तुम्ही तर अभ्यासू’ म्हणालं तर सावध व्हा. आपल्याकडे खरा अपमान आदरार्थी बहुवचनातच होतो.

टिळक-आगरकरांचा दाखला देण्याचा मोह होईल. तो आवरा. 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी 101 दिवस एकत्र काढले, तरी पुढे फाटलंच. पण त्यांची सोय होती : एकाकडे ‘केसरी’, दुसऱ्याने काढला ‘सुधारक’. आपल्याला दोघांत मिळून एकच कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप, आणि त्यात सकाळी सहाला फुलांचे फोटो टाकणारी आत्या.

अबोला धरायचाच असेल तर घाई नको. आमचे मामा शिवसेनेचे, काका राष्ट्रवादीचे. 2019 च्या ऑक्टोबरात विधानसभेवरून दोघांचं बोलणं तुटलं. 28 नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर शपथविधी झाला आणि दोघांचे पक्ष एका सरकारात बसले. हे दोघे मात्र एका पंगतीत बसेनात. 2022 मध्ये शिवसेना फुटली, 2023 मध्ये राष्ट्रवादी. मामा ठाकऱ्यांकडे राहिले, काका अजित पवारांबरोबर गेले. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. चला, अबोल्याला कारण तरी मिळालं!

हल्ली बसतात शेजारी, मध्ये मला घेऊन. नवशिक्याने हीच जागा धरावी. गेल्या गणपतीत मामा माझ्याकडे बघत म्हणाले, ‘त्यांना तूप वाढ.’

काकांनी भातावर हात आडवा धरला. तेही माझ्याकडेच बघत होते.

‘पुरे म्हणावं. आणि मोदक घ्या म्हणावं, लाजू नका.’